पडद्यावरचा समुद्र आणि पाण्याखालची शाळा

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यात स्नॉर्केलिंग करतानाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि ज्या द्वीपसमूहाचे नाव भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत संपत असे, तो एकाएकी घरोघरच्या चर्चेचा विषय झाला. शेजारच्या मालदीवमधील तीन उपमंत्र्यांनी त्यावर अनुदार उद्गार काढले, त्यांना निलंबित व्हावे लागले आणि दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांना आठवडाभर पुरेल इतके खाद्य मिळाले. नटनट्या आणि क्रिकेटपटू स्वदेशातील समुद्राची महती सांगण्यास पुढे सरसावले. सचिन तेंडुलकर यांनी आपला पन्नासावा वाढदिवस सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर साजरा झाल्याची आठवण त्याच सुमारास प्रसृत केली. पुढच्याच महिन्यात, २५ फेब्रुवारी रोजी, पंतप्रधान द्वारकेजवळ समुद्रतळाशी उतरले व त्यांनी तेथे मोरपिसे वाहिली. पर्यटन खात्याच्या सचित्र पत्रिकांना जे अनेक वर्षांत साधले नव्हते ते दोन महिन्यांत साधले. समुद्राच्या पृष्ठभागाखालीही पाहण्याजोगा एक प्रदेश आहे, ही गोष्ट सामान्य भारतीय कुटुंबाच्या ध्यानात आली.

याबद्दल आनंद मानावयास हरकत नाही. सात हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लाभलेल्या या देशातील बहुसंख्य नागरिक समुद्राकडे पाठ करून जगतात. त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे सूर्यास्त, भेळ आणि गुडघाभर पाणी. नामवंतांच्या एका छायाचित्राने ही पाठ वळत असेल तर ते छायाचित्र स्वागतार्हच होय. परंतु प्रसिद्धीचे काम जेथे संपते तेथे दुसरे एक काम सुरू होते आणि ते कोणी करावयाचे याविषयी आपल्याकडे फारसा विचार झालेला नाही. क्रिकेटचा सामना पडद्यावर पाहून मैदानावर धावलेला मुलगा फार तर त्रिफळाचीत होतो. पडद्यावर पाहून समुद्रात उतरलेल्या माणसाची चूक इतक्या स्वस्तात माफ होत नाही. तेव्हा दूरचित्रवाणी आणि नामवंत यांच्या साह्याने स्कूबा डायव्हिंगचा प्रसार करावा की न करावा, हा खरा प्रश्न नाही. तो प्रसार होतच आहे. या मार्गाने किनाऱ्यावर आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

पडद्याने रुजविलेला छंद

स्कूबा हा शब्द ‘स्वयंपूर्ण जलांतर्गत श्वसनसाधन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला आहे. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या फ्रान्समध्ये, नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी एक झडप सिद्ध केली. पाठीवरील टाकीत कोंडलेली हवा, भोवतालच्या पाण्याचा दाब असेल त्या प्रमाणात आणि श्वास घेतला जाईल त्याच वेळी, ती तोंडाशी आणून देई. तोवरचा पाणबुड्या बहुधा धातूचे जड शिरस्त्राण घालून वरच्या बोटीतून येणाऱ्या नळीला जखडलेला असे. या झडपेने त्याचे दावे सुटले.

पण यंत्र निघाले म्हणून छंद रुजत नाही. तो रुजविला पडद्याने. कुस्तो यांनी लुई माल यांच्या साह्याने केलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला १९५६ साली कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, पाठोपाठ ऑस्करही मिळाले. पुढे १९६८ ते १९७६ या काळात त्यांच्या सागरी सफरींची मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर चालली आणि लाल लोकरी टोपी घातलेला हा कृश फ्रेंच माणूस व त्याची ‘कॅलिप्सो’ नौका जगभर ओळखीची झाली. त्याआधीच ऑस्ट्रियाचे हान्स हास आणि त्यांच्या पत्नी लोटे यांची जलांतर्गत मालिका १९५६ साली बीबीसीवर झळकली होती. लोटे हास यांना पाण्याखाली निर्भयपणे वावरताना पाहून हे केवळ दांडग्या पुरुषांचे काम आहे, ही समजूत ढिली पडली. बैठकीच्या खोलीतला प्रेक्षक प्रथमच शार्कच्या शेजारी जाऊन बसला.

या सर्वांहून मोठा प्रसार मात्र एका काल्पनिक पात्राने केला. १९५८ ते १९६१ या काळात अमेरिकेत ‘सी हंट’ ही मालिका चालली. नौदलातून निवृत्त झालेला माइक नेल्सन हा पाणबुड्या तिचा नायक होता आणि ती भूमिका लॉइड ब्रिजेस यांनी केली होती. पाण्याखालच्या गोष्टी त्या किती असणार, असे म्हणून मोठ्या प्रक्षेपण कंपन्यांनी निर्माते आयव्हन टोर्स यांना नकार दिला होता. तेव्हा मालिका स्थानिक केंद्रांना विकण्यात आली आणि तिचे १५५ भाग झाले. आपण पाण्यात उतरलो ते ‘सी हंट’ पाहून, असे सांगणारी पाणबुड्यांची एक अख्खी पिढी अमेरिकेत होऊन गेली. अर्थात या मालिकेतही अतिरंजन होतेच. दर आठवड्याला सुऱ्यांची झटापट, कापलेली हवेची नळी आणि शेवटच्या क्षणी सुटका असा मामला असे. पण एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. भागाच्या अखेरीस ब्रिजेस आपली भूमिका उतरवून प्रेक्षकांशी बोलत, आणि त्या बोलण्यात समुद्र समजून घेण्याची व तो जपण्याची विनंती पुष्कळदा असे. नटाच्या लोकप्रियतेचा याहून साधा आणि याहून उचित उपयोग क्वचितच झाला असेल.

पडद्याची ही शक्ती उलट्या दिशेनेही काम करते. १९७५ साली आलेल्या ‘जॉज’ या चित्रपटाने शार्क माशाविषयी इतकी भीती पसरवली की तिच्या आधारे या प्राण्याची हत्या पराक्रम ठरू लागली. ज्या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला तिचे लेखक पीटर बेंचली यांनी पुढे आपले आयुष्य शार्कच्या रक्षणासाठी झिजविले. एका चित्रपटाने निर्माण केलेला गैरसमज दूर करण्यास लेखकाचे उर्वरित आयुष्य अपुरे पडावे, यावरून पडद्याच्या सामर्थ्याची आणि म्हणून त्याच्या जबाबदारीचीही कल्पना येते.

पडद्यामागची शाळा

या इतिहासाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. ज्या वर्षांत पडदा लोकांना समुद्राकडे बोलावीत होता, त्याच वर्षांत आलेल्यांना शिकविणाऱ्या संस्था उभ्या राहत होत्या. १९५३ साली ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबची स्थापना झाली. १९५० च्या दशकाच्या मध्यास लॉस एंजेलिस परगण्याच्या उद्यान विभागाने नागरिकांसाठी पाणबुडेपणाचे वर्ग सुरू केले. एखाद्या नगरपालिकेने पोहण्याचे वर्ग चालवावेत, तितकाच हा साधा उपक्रम होता. १९५९ साली वायएमसीएने देशव्यापी अभ्यासक्रम आखला, त्याच वर्षी कुस्तो यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, १९६० मध्ये ‘नॉवी’ आणि १९६६ मध्ये ‘पॅडी’ या प्रशिक्षण संस्था निघाल्या. माइक नेल्सनच्या पराक्रमाने भारावलेला तरुण दुकानात साधने विकत घ्यावयास जाई, तेव्हा हळूहळू त्याला विचारले जाऊ लागले की, प्रशिक्षण झाल्याचे प्रमाणपत्र कोठे आहे? टाकीत हवा भरून घ्यावयाची तरी ते दाखवावे लागे.

ही शिस्त कायद्याच्या बडग्याने आली नाही. पडद्याने आणलेली गर्दी शिकविली नाही तर अपघात होतील, अपघात झाले तर सरकार बंदी घालील आणि बंदी आली तर छंदही संपेल व धंदाही, हा व्यवहारी विचार तिच्यामागे होता. पण तिचा परिणाम असा झाला की प्रसिद्धी आणि प्रशिक्षण ही दोन चाके एकाच वेळी फिरू लागली. पडद्याने उत्सुकता द्यावी आणि शाळेने पात्रता द्यावी, अशी ही विभागणी होती. आजही या खेळात सर्वसाधारण प्रमाणपत्र मिळविण्यासाठी तीन-चार दिवस वर्ग, तलाव आणि समुद्र अशा तिन्ही ठिकाणी धडे गिरवावे लागतात आणि त्यानंतरही अठरा मीटरांपेक्षा खोल जाऊ नये, असे शिकवले जाते.

पडदा काय सांगत नाही

हे सारे धडे कशासाठी, असा प्रश्न पडेल. पडद्यावर तर माणूस बोटीवरून मागच्या मागे पाण्यात पडतो आणि पुढच्याच दृश्यात कासवाबरोबर तरंगत असतो. दोन दृश्यांच्या मध्ये कापून टाकलेल्या भागातच या विद्येचे सार आहे.

पाण्यात दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो आणि तेथे फुप्फुसात भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येताना आकाराने दुप्पट होऊ पाहते. श्वास चालू असेल तर ती हवा आपोआप बाहेर पडते. घाबरून श्वास कोंडला तर मात्र फुप्फुस फाटू शकते आणि हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी दहा मीटरांचीही गरज नाही. दोन मीटरांवरून श्वास रोखून वर आलेल्यालाही हा धोका असतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच, श्वास कधीही रोखावयाचा नाही. पाण्यात बुडताना श्वास रोखणे ही तर माणसाची जन्मजात प्रवृत्ती आहे. शिक्षण म्हणजे या प्रवृत्तीवर मिळविलेला ताबा होय, आणि असा ताबा चित्रपट पाहून येत नाही.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली घेतलेल्या हवेतील नायट्रोजन रक्तात व शरीराच्या घटकांत विरघळतो. पाणबुड्या सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढावे तसे अंगात बुडबुडे सुटतात. म्हणूनच एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानाने प्रवास करू नये, असा संकेत आहे. डोंगर चढण्यासही काही अंशी हेच लागू पडते. सकाळी कोकणच्या समुद्रात खोल बुड्या मारून संध्याकाळी आंबोलीचा सुमारे सातशे मीटर उंचीचा घाट मोटारीने चढणाऱ्या पाणबुड्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ही सूचना एखाद्या जाहिरातीत सहसा दिसत नाही. कानावरील दाब कसा उतरवावा, दमा वा हृदयविकार असलेल्याने आधी वैद्यांचा सल्ला का घ्यावा, हेही पडदा सांगत नाही.

पडदा कधीकधी उलटेच शिकवितो. छायाचित्रासाठी अंगठा वर करून दाखविणे ही आज सार्वत्रिक खूण झाली आहे. ‘सारे छान आहे’ असा तिचा अर्थ. पाण्याखालच्या भाषेत मात्र वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक आहे’ सांगण्यासाठी अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करावे लागते. कॅमेऱ्याकडे पाहून हसतमुखाने अंगठा दाखविणारा नवखा पर्यटक आपल्या वाटाड्याला नेमके काय सांगत असतो, हे त्याला बिचाऱ्याला ठाऊक नसते.

मालवणची कसोटी

भारतात ‘सी हंट’चे काम २०११ साली एका हिंदी चित्रपटाने केले. झोया अख्तर यांच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या चित्रपटातील तीन मित्र स्पेनच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरतात. त्यांतील पाण्याला भिणारा, कामाच्या धबडग्यात जखडलेला तरुण हृतिक रोशन यांनी रंगविला आहे, तर कतरिना कैफ यांची नायिका पाणबुडेपणा शिकविते. स्पेनच्या पर्यटन विभागाने या चित्रपटाला सहकार्य केले होते आणि भारतीय प्रवाशांचा त्या देशाकडील ओढा पुढे वाढला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांना स्पेन परवडत नव्हते, त्यांनीही आपल्या जवळचा समुद्र शोधला. अंदमान, लक्षद्वीप, कर्नाटकातील नेत्राणी, गोव्याचे ग्रांदे बेट ही नावे तरुणांच्या तोंडी आली. महाराष्ट्रात हा मान मालवण-तारकर्लीला मिळाला.

त्या चित्रपटात एक गोष्ट खरी दाखविली होती. भिणाऱ्या माणसाला शिक्षिका धीर देते, त्याच्या श्वासाकडे लक्ष देते आणि मगच त्याला खाली नेते. प्रेक्षकांच्या स्मरणात मात्र राहिले ते खाली गेल्यानंतरचे निळे मौन. आणि मागणीही त्या मौनाचीच आली. मालवणात आज प्रचलित असलेली ‘स्कूबा’ ही बहुतांशी चाखून पाहण्याची बुडी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात, काही मिनिटांच्या सूचना देऊन, वाटाड्याने टाकी धरून पर्यटकास खाली न्यावयाचे, माशांच्या घोळक्यात चित्रफीत काढावयाची आणि वर आणावयाचे, असे तिचे स्वरूप असते. पोहता येत नसले तरी चालेल, हे तिचे ब्रीदवाक्य. योग्य प्रकारे केलेल्या अशा चाखणीत गैर काहीच नाही. जगभर ती मान्य आहे आणि जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली ती सुरक्षितही आहे. पण ‘योग्य प्रकारे’ हे दोन शब्द गर्दीच्या दिवसांत टिकतात का, हे पाहावयास हवे. मे महिन्याच्या सुटीत किनाऱ्यावर रांगा लागतात तेव्हा प्रकृतीविषयीचे प्रश्न विचारावयास, कानांचा सराव करून घ्यावयास आणि एखाद्याला नम्रपणे ‘आपण आज उतरू नका’ असे सांगावयास वेळ उरतो काय?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघा पर्यटकांचा मृत्यू झाला. हे मृत्यू पाण्याखाली झाले नाहीत, ते परतीच्या वाटेवर झाले, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. चित्रपटात बोट ही केवळ नायकाला नेणारे साधन असते. तिच्यात किती माणसे बसावीत, अंगावर तरंगजाकीट आहे की नाही, हंगामाच्या अखेरीस फिरलेले वारे काय म्हणतात, यांत नाट्य नसते. समुद्रावरचे बरेचसे शहाणपण अशा नाट्यहीन गोष्टींतच असते, आणि मालवणच्या दर्यावर्दी माणसाला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. धंद्याच्या रेट्यापुढे ते टिकावे अशी व्यवस्था करणे हे मात्र शासनाचे काम आहे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, ही समाधानाची गोष्ट. ती किती पर्यटकांना पाण्यात नेते यापेक्षा किती वाटाडे तयार करते, यावर तिचे यश मोजले जावे.

गर्दीचे ऋण

प्रश्न केवळ माणसाच्या सुरक्षिततेचा नाही. ज्याच्या दर्शनासाठी हा खटाटोप चालतो, त्या समुद्राचाही आहे. मालवणचा किनारा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हटले की जाळे बंद होणार, या धास्तीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि ती धास्ती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. आज त्याच समाजातील अनेक तरुण पर्यटकांना प्रवाळ दाखवून पोट भरतात. जाळ्याखेरीज दुसरा रोजगार समुद्रातूनच मिळाला, ही मोठी गोष्ट होय. मुंबईला जाऊन गिरणीत वा हॉटेलात राबण्याची कोकणी परंपरा त्यामुळे काही घरांपुरती तरी थांबली. म्हणूनच या प्रवाळाला धक्का लागला तर त्याची झळ प्रथम या घरांना लागणार आहे.

प्रवाळ हा दगड नव्हे, असंख्य सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत होय. तिच्यावर टेकविलेला पाय, टाकलेला नांगर, स्मरणचिन्ह म्हणून तोडलेली फांदी यांची भरपाई होण्यास वर्षे लागतात. चित्रफितीत मासे भरपूर दिसावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करण्याची प्रथा पडली, की माशांचे मूळ अन्न व वागणूक बदलते. शेवाळ कुरतडून प्रवाळ स्वच्छ ठेवण्याचे आपले नेमून दिलेले काम सोडून ते पर्यटकाभोवती भीक मागू लागतात. त्यातच समुद्राचे तापमान वाढत आहे. प्रवाळाचे रंग उडण्याचे जागतिक संकट चौथ्यांदा आल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आणि त्याची झळ लक्षद्वीपलाही पोहोचली. ज्या वर्षाच्या आरंभी देशाने लक्षद्वीपचे प्रवाळ पडद्यावर कौतुकाने पाहिले, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते पांढरे पडत होते. कौतुकाची बातमी घराघरांत पोहोचली, दुसरी मात्र फारशी पोहोचली नाही.

प्रसिद्धीचे ऋण कसे फेडावे लागते, हे थायलंडने अनुभवले आहे. २००० साली लिओनार्दो दिकाप्रिओ यांच्या ‘द बीच’ या चित्रपटात फी फी ले बेटावरील माया बे हा लहानसा किनारा दिसला आणि जगाने तिकडे धाव घेतली. पुढे दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसे त्या चिमुकल्या उपसागरात उतरू लागली आणि बोटींच्या नांगरांनी प्रवाळाची चाळण झाली. अखेर जून २०१८ मध्ये तेथील सरकारने हा किनारा बंद केला. तो जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडला तेव्हा बोटींना उपसागरात मज्जाव होता, येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा होती आणि पाण्यात पोहण्यास मनाई होती. दरम्यानच्या शांततेत काळ्या टोकांच्या परांचे शार्क तेथे परतले होते. चित्रपटाने दिलेली कीर्ती सांभाळण्यासाठी चित्रपटाने आणलेल्या माणसांनाच साडेतीन वर्षे बाहेर ठेवावे लागले.

महाराष्ट्रातही नवे आकर्षण येऊ घातले आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका २०२५ साली पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली. सिंधुदुर्गातील निवतीच्या खडकांजवळ तिला जलसमाधी देऊन कृत्रिम प्रवाळभित्ती व पाण्याखालचे संग्रहालय उभारण्याचा हेतू जाहीर झाला. कल्पना उत्तम आहे. बुडालेल्या नौकेमुळे नैसर्गिक प्रवाळावरील गर्दीचा भार हलकाही होईल. पण अशा ठिकाणी खोली वाढते, अंधाऱ्या दालनांचा मोह वाढतो आणि चाखून पाहणाऱ्या पर्यटकाला तेथे जागा नसते. तेथे शिकलेला पाणबुड्याच लागतो. तो आधी तयार झाला नाही, तर नौका बुडविण्याचा समारंभ दूरचित्रवाणीवर गाजेल आणि पुढचे सारे पुन्हा वाटाड्याच्या हातावर सोपविले जाईल.

नामवंतांनी काय करावे

यावर नामवंतांना पाण्यापासून दूर ठेवावे हा उपाय नव्हे. त्यांनी आपल्या प्रकाशाची दिशा थोडी बदलावी, एवढीच अपेक्षा आहे. त्याचे एक चांगले उदाहरण ज्या मालदीवशी २०२४ मध्ये वाद झाला, त्या देशानेच घालून दिले होते. १७ ऑक्टोबर २००९ रोजी अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी आपल्या मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली. मंत्र्यांनी त्यासाठी आधी प्रशिक्षण घेतले, खुणांच्या भाषेत कामकाज केले आणि कर्बवायूचे उत्सर्जन कमी करावे, असे जगाला आवाहन करणाऱ्या पत्रावर तळाशी बसून सह्या केल्या. तोही प्रसिद्धीचाच प्रकार होता. पण त्यात सत्ताधारी माणूस शिकणारा म्हणून दिसला, आणि समुद्र केवळ पार्श्वभूमी म्हणून न राहता विषय झाला.

कुस्तो यांची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. त्यांच्या गाजलेल्या चित्रपटात माशांची गणती करण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडविल्याचे दृश्य आहे, चिडलेल्या खलाशांनी शार्कची कत्तल केल्याचेही आहे. त्या काळी कोणाला त्यात वावगे वाटले नाही. पण तोच माणूस १९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्याच्या बेताविरुद्ध उभा राहिला आणि पुढील आयुष्यात समुद्राचा वकील बनला. वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्यामुळे त्याला पाणी कळले. पाहुणा म्हणून एकदा डोकावलेल्या नामवंताकडून एवढी अपेक्षा करता येणार नाही, पण थोडी करता येईल. एखाद्या मराठी अभिनेत्रीने तारकर्लीच्या तलावात तीन दिवस शिकताना, पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाऊन खोकताना आणि तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र घेताना सह्याद्री वाहिनीवर दिसावे. शासनाने खर्च केलेल्या प्रत्येक जाहिरातीत प्रकृतीची प्रश्नावली, तरंगजाकीट आणि काहीही न स्पर्शिता परत येणारे हात दाखविण्याची अट असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही.

द्वारकेच्या ज्या समुद्रतळाचे दर्शन २०२४ मध्ये देशाला घडले, तेथे १९८० च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शि. रा. राव आणि त्यांचे सहकारी मोसमामागून मोसम शोध घेत होते. गढूळ पाण्यात, प्रवाहाशी झुंजत त्यांनी दगडी नांगर आणि बांधकामाचे अवशेष नोंदविले. भारतातील पाणबुडेपणाची ती एक थोर शाळा होती. तिच्याकडे कॅमेरे क्वचितच वळले. ते वळले असते तर कदाचित एखाद्या शाळेतील मुलाला असे वाटले असते की समुद्राखाली केवळ मौज करण्यासाठी जावयाचे नसते, काम करण्यासाठीही जावयाचे असते.

तोवर सुटीत मालवणला निघालेल्या शिक्षकाने किंवा कारकुनाने, मुलांच्या हट्टास मान देऊन पैसे भरण्यापूर्वी, चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. सोबत येणारा वाटाड्या कोठे शिकला? एका वेळी तो किती जणांना घेऊन उतरतो? प्रकृतीविषयी कोणी काही विचारणार आहे की नाही? आणि बोटीत जितकी माणसे, तितकी तरंगजाकिटे आहेत काय? जो धंदेवाईक या प्रश्नांनी चिडेल त्याच्याकडे पाठ फिरवावी, जो शांतपणे उत्तरे देईल त्याच्या हाती आपले मूल सोपवावे. मग पाण्यात उतरताना त्या मुलाला सांगावे की, श्वास रोखू नकोस, कशाला हात लावू नकोस, आणि सारे ठीक असेल तर बोटांचे वर्तुळ करून दाखव. अंगठा वर आल्यावर परतायचे असते.